निवृत्तीनंतरचा लांबचा मुक्काम: एका गावी एक महिना, दोघांचा खर्च आणि अनुभव

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. मी ६७ वर्षांचा आहे, पत्नी ६३ वर्षांची. आम्ही सांगलीला राहतो. गेले चार हिवाळे आम्ही दोघे घराबाहेर काढत आहोत आणि हे सगळे माझ्या एकट्याच्या निवृत्तिवेतनात बसवत आहोत. इथे अनेकांनी खर्चाविषयी विचारले होते, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवातीला आम्हीही सर्वांसारखेच सहलीच्या कंपनीबरोबर गेलो. बारा दिवसांत नऊ गावे पाहिली, दोघांचे मिळून १,२४,००० रुपये झाले आणि परत आल्यावर पत्नीच्या गुडघ्याची सूज उतरायला तीन आठवडे लागले. त्या सहलीचा हिशेब पुन्हा मांडून पाहिला, तेव्हा लक्षात आले की पैसा आणि अंगातली शक्ती या दोन्ही गोष्टी मुख्यतः एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यात खर्च झाल्या होत्या. रोज नवी खोली घेतली की एका रात्रीचा पूर्ण दर द्यावा लागतो, रोज बॅग भरावी लागते, रोज बाहेरचे जेवावे लागते आणि पोट बिघडले तरी गाडीत बसावेच लागते. तेव्हापासून आम्ही एकच नियम पाळतो. एका हिवाळ्यात जास्तीत जास्त तीन गावे घ्यायची आणि प्रत्येक गावी किमान एक महिना राहायचे.

उदाहरण म्हणून तंजावरचा हिशेब देतो. तिथे आम्ही पोंगलची गर्दी ओसरल्यावर, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे परतीचा पाऊस असतो, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी हाच काळ सोयीचा. स्वयंपाकघर असलेल्या एका खोलीचे भाडे विजेसह १२,००० रुपये. किराणा, दूध, भाजी ६,८००. बाहेरची न्याहारी आणि जेवण ४,५००. बस-रिक्षा २,६००. औषधे ३,१००. किरकोळ १,५००. एकूण ३०,५०० रुपये. मिरजेहून चेन्नईला गाडी बदलून जाण्यायेण्याचे वातानुकूलित तीन टियरचे दोघांचे भाडे ९,८०० रुपये. सगळे मिळून ४०,३००. घरी राहिलो असतो तरी किराणा, दूध आणि औषधे यांवर ११,००० रुपये गेलेच असते, म्हणजे खरा जादा खर्च २९,००० रुपयांच्या आसपास येतो. बारा दिवसांचे सव्वा लाख आणि एका महिन्याचे एकोणतीस हजार, हा फरक आमच्यासारख्यांच्या दृष्टीने फार मोठा आहे.

खोली कशी शोधायची हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. महिन्याभराची खोली आम्ही घरबसल्या कधीच ठरवत नाही. पहिले तीन दिवस एखाद्या साध्या लॉजमध्ये किंवा तीर्थक्षेत्र असल्यास भक्तनिवासात उतरतो. भक्तनिवासांत आणि धर्मशाळांत सलग राहण्याला बहुधा दोन-तीन दिवसांचीच मर्यादा असते, पण तेवढे दिवस गाव पायाने पाहायला पुरतात. त्या तीन दिवसांत किराणा दुकानदार, दूधवाला, देवळातले गुरुजी, औषधांचा दुकानदार यांच्याकडे चौकशी करतो. वृद्ध जोडपे आहे, महिन्याभरासाठी स्वच्छ खोली हवी आहे, पैसे आगाऊ देऊ, असे सांगितले की लोक आपणहून घर दाखवायला येतात. तमिळनाडूत रीतसर भाडेकरार करायचा तर अनेक महिन्यांचे भाडे अनामत द्यावे लागते, म्हणून आम्ही घरमालक त्याच आवारात राहतो अशी, सामानासह मिळणारी खोली पाहतो. ओळखपत्राच्या प्रती आणि दोन छायाचित्रे स्वतःहून देतो, त्यामुळे मालकाच्या मनातली शंका जाते.

खोली पाहताना मी भिंतींचा रंग पाहत नाही. जिन्याच्या पायऱ्या मोजतो, कठडा हलवून पाहतो, कमोड आहे की नाही ते पाहतो आणि न्हाणीघराच्या फरशीवर पाणी ओतून त्यावर चप्पल घासून पाहतो. ही शेवटची सवय ठेच लागल्यावर जडली. दुसऱ्या हिवाळ्यात एका गावी पत्नी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. तिथल्या रुग्णालयाने उपचार चांगले केले, परंतु विमा पत्रातले तिचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव यांत एका अक्षराचा फरक असल्यामुळे रोखविरहित मंजुरी मिळायला नऊ तास गेले आणि तोवर ती हात छातीशी धरून बाकावर बसून होती. त्या नऊ तासांची आठवण झाली की मला अजूनही अस्वस्थ वाटते, कारण ती दुरुस्ती घरी असताना एका अर्जात झाली असती. कृपया निघण्यापूर्वी दोघांची सगळी कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून नावाचे प्रत्येक अक्षर ताडून पाहा. आता आमच्या सामानात न्हाणीघरात घालायची रबरी चटईसुद्धा असते.

बाकी सामान थोडेच. दोन लिटरचा कुकर, मसाल्याचा डबा, मेतकूट, दाण्याचे कूट, दोन ताटे-वाट्या, कपड्यांचे प्रत्येकी चार जोड.

महिनाभर राहिल्याने काय मिळते, तेही सांगतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात भिंतीवर देवनागरीत कोरलेला एक फार मोठा मराठी शिलालेख आहे. तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांच्या काळात, १८०३ साली, भोसले घराण्याचा इतिहास तिथे कोरला गेला. सहलीचे गट त्या भिंतीसमोर दोन मिनिटे उभे राहतात आणि पुढे जातात. आम्ही रोज सकाळी ऊन चढण्यापूर्वी जायचो. मी अक्षर लावायचो, पत्नी वहीत उतरवून घ्यायची, आणि चार-पाच ओळी झाल्या की कॉफी प्यायला बाहेर यायचो. काही अक्षरे झिजली आहेत, जुन्या वळणाचे शब्द अडतात, पण भाषा आपली आहे. घरापासून एवढ्या दूर, दगडावरची मराठी बोटाने लावत वाचताना पत्नीचे डोळे भरून आले होते. सरस्वती महाल ग्रंथालयाचे संग्रहालय आम्ही तीनदा पाहिले. कुंभकोणम साधारण ४० किलोमीटरवर, त्याला लागून दारासुरम, आणि गंगैकोंडचोळपुरम त्याहून पुढे; ही दोन्ही चोळकालीन मंदिरांची गावे. एक दिवस बाहेर आणि दोन दिवस घरी, अशा बेताने ही सगळी स्थळे दमणूक न होता झाली. तिथल्या साध्या शहरी बसमध्ये स्त्रियांना तिकीट पडत नाही, हे आम्हाला वाहकाने पत्नीचे पैसे परत केले तेव्हा कळले.

आपले अनुभव आणि शंका अवश्य लिहाव्यात.

लोहमार्ग

लेख फार उपयोगी आहे. माझी सारी नोकरी रेल्वेत गेली, म्हणून तिकिटांविषयी थोडी भर घालतो.

ज्येष्ठांना मिळणारी भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. पूर्वी ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सूट असे. ती गेल्याने निवृत्तांच्या खिशावर मोठा भार आला आणि ती परत मिळावी ही मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते. खालच्या बर्थचा राखीव कोटा मात्र अजून आहे. पुरुष ६० आणि स्त्री ४५ वर्षे पूर्ण केलेली असावी लागते. इथे बहुतेकांची चूक अशी होते की मुलगा घरच्या चौघांचे तिकीट एकत्र काढतो. एका तिकिटावर या वयोगटातील एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच हा कोटा लागू होतो. तिसरा प्रवासी जोडला, किंवा दोघांपैकी एक जण वयात बसत नसला, की तो मिळत नाही. दोघा वृद्धांचे तिकीट वेगळे काढावे आणि आरक्षण करताना तो कोटा निवडावा.

दुसरे म्हणजे, १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. जुन्या सवयीने चार महिने आधीचे बेत आखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तिसरी गोष्ट लोक विसरूनच गेले आहेत. ज्या स्थानकावरून निघायचे तिथेच परत यायचे असेल, तर चक्राकार प्रवासाचे तिकीट काढता येते. त्यात जास्तीत जास्त आठ ठिकाणी प्रवास खंडित करता येतो आणि अंतर वाढेल तसा दर किलोमीटरमागचा दर उतरत जात असल्यामुळे तुटक तिकिटांपेक्षा ते स्वस्त पडते. हे तिकीट संकेतस्थळावर मिळत नाही. मार्ग लिहून स्थानकावर किंवा विभागीय वाणिज्य कार्यालयात अर्ज करावा लागतो आणि मग प्रत्येक टप्प्याचे आरक्षण करून घ्यावे लागते. खटपट आहे, पण निवृत्तांकडे त्यासाठी वेळ असतो.

वऱ्हाडी_माणूस

एसटीची माहितीही इथे असू द्यावी. आपल्या राज्यात ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे पडते आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे तिकीट आहे. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. कर्नाटकातील स्त्रियांसाठीचा विनामूल्य बसप्रवास तिथल्या रहिवाशांपुरता आहे, त्यामुळे आपल्या बायकांना तिकडे पूर्ण भाडे द्यावे लागते.

थेट तंजावर गाठण्यापूर्वी आपल्या राज्यातच दहा-बारा दिवस एका जागी राहून पाहावे, असे मी सुचवीन. आम्ही प्रथम शेगावला गजानन महाराज संस्थानमध्ये, मग त्याच संस्थानच्या पंढरपूर आणि ओंकारेश्वर येथील भक्तनिवासांत राहिलो. स्वच्छता आणि शिस्त पाहून समाधान वाटले. परक्या जागी झोप लागते का, सकाळचे पोट साफ होते का, दोघांचे दिवसभर एकमेकांशी पटते का, हे आधी कमी खर्चात कळलेले बरे.

दूरदेशी

कृष्णाकाठ काका, मी नोकरीनिमित्त बंगळुरूला असते. आईबाबा नगरला एकटेच असतात आणि त्यांना असे राहायला जायची फार इच्छा आहे. बाबांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. बंद घराची काळजी आणि नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला, या दोन्हींचे आपण काय करता?

कृष्णाकाठ

ताई, हयातीच्या दाखल्यासाठी आता गावी यावे लागत नाही. चेहरा ओळखून डिजिटल दाखला देण्याची सोय मोबाइलवर आहे. बाबांच्या निवृत्तिवेतनाचा विभाग तो स्वीकारतो ना, एवढी खात्री आधी करून घ्यावी आणि पहिल्या वेळी आपण शेजारी बसून तो काढून द्यावा. खिडकीजवळ भरपूर उजेडात बसल्यास चेहरा लवकर ओळखला जातो.

घराचे म्हणाल तर पाण्याचा मुख्य नळ आणि गॅसची टाकी बंद करतो, फ्रीज रिकामा करून दार उघडे ठेवतो, आणि एक किल्ली शेजाऱ्यांकडे देतो. ते पंधरा दिवसांतून एकदा खिडक्या उघडतात. आम्ही कुठे आहोत ते समाजमाध्यमांवर परत आल्याशिवाय लिहीत नाही. औषधांविषयी आपल्या धाग्यावरील डॉक्टरांनी लिहावे, अशी विनंती करतो.

निवृत्त_वैद्य

पस्तीस वर्षांच्या वैद्यकीय व्यवसायानंतर मी आणि माझी पत्नीही असेच फिरतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहितो.

औषधचिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव आणि मात्रा लिहून घ्यावी. इथला ब्रँड दुसऱ्या राज्यात मिळेलच असे नसते. मूळ नाव असेल तर कुठलाही औषध दुकानदार किंवा जनऔषधी केंद्र तेच औषध देऊ शकते. निघताना किमान सहा आठवड्यांचा साठा घ्यावा आणि तो दोन वेगळ्या पिशव्यांत विभागावा. शेवटच्या ईसीजीचे स्पष्ट छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे. छातीत दुखू लागल्यावर अनोळखी डॉक्टरला जुना आलेख मिळाला, तर नवा बदल कोणता हे त्याला लगेच कळते.

आता एक गोष्ट विशेष कळकळीने सांगतो. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने अनेक स्त्रिया प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात आणि रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी स्वतःच बंद करतात. मी अशा कितीतरी रुग्ण पाहिल्या आहेत: कुणाला उतरताना चक्कर आलेली, कुणाला मूत्रमार्गाचा संसर्ग झालेला, कुणाचा रक्तदाब वाढलेला. पाणी तोडू नये. गोळीची वेळ बदलता येते का, ते आपल्या डॉक्टरांना विचारावे. रात्रीच्या बसऐवजी शक्यतो रेल्वे घ्यावी, कारण तिथे स्वच्छतागृह असते आणि दर दोन तासांनी चार पावले चालताही येते.

मधुमेहींनी इन्सुलिन बॅगेत बाहेरच्या कप्प्यात ठेवू नये आणि साखर उतरल्यास लगेच तोंडात टाकायला काहीतरी गोड खिशात ठेवावे. समुद्रसपाटीपासून २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, केदारनाथ त्याहूनही थोडे वर. विमानाने थेट लेहला उतरणाऱ्यांनी पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. हृदयविकार किंवा फुप्फुसाचा विकार असेल तर तपासणीशिवाय जाऊच नये. डोंगराची हौस असेल तर कौसानी साधारण १,९०० मीटरवर आहे, तिथूनही हिमशिखरे दिसतात आणि दमही लागत नाही. तिथल्या अनासक्ती आश्रमात, जिथे १९२९ साली गांधीजी राहिले होते, आम्ही ऑक्टोबरमध्ये राहिलो. पहाटे अंगणात खुर्ची टाकून नंदादेवीवर ऊन येताना पाहणे, एवढाच आमचा दिवसाचा कार्यक्रम असे.

विम्याविषयी एकच सांगतो. एप्रिल २०२४ पासून आरोग्यविमा नव्याने घेण्यासाठी ६५ वर्षांची कमाल मर्यादा राहिलेली नाही आणि ७० वर्षे पूर्ण केलेल्यांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान योजनेचे वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळते. ते कार्ड निघण्यापूर्वी करून घ्यावे.

रेवातीरी

या चर्चेत पायी नर्मदा परिक्रमेचा उल्लेख यायला हवा, कारण कमी खर्चाचा दीर्घ प्रवास म्हणून मराठी वृद्ध जोडप्यांनी तिच्याइतका कशाला जवळ केलेले मी पाहिलेले नाही. आम्ही ती ६१ आणि ५८ व्या वर्षी केली. साडेचार महिने लागले. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर, आणि ती सतत उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठ चालायचे असतात. चातुर्मासात चालत नाहीत, त्यामुळे बहुतेक जण कार्तिकात ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलतात, म्हणजे सुरू करतात. आश्रमांत आणि गावोगावच्या घरांत परिक्रमावासीयाला जेवण आणि निवारा मिळतो, कुठे शिधा देऊन सदाव्रत चालते.

मात्र इतरांच्या दातृत्वावर आपली सहल स्वस्तात उरकावी, या हिशेबाने कुणी जाऊ नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. झाडीतल्या एका आदिवासी घरी आम्हाला मक्याची भाकरी मिळाली. मागाहून लक्षात आले की त्या बाईने स्वतःसाठी पुन्हा चूल पेटवली नव्हती. त्यानंतर आम्ही तांदूळ-डाळ जवळ बाळगू लागलो आणि ज्या घरी उतरू तिथे ती आधी देऊ लागलो. जमिनीवर झोपणे, उघड्यावर स्नान आणि रोज पंधरा-वीस किलोमीटर चाल झेपणार नसेल, तर थोडे अंतर चालून एखाद्या घाटावर पंधरा दिवस राहावे. महेश्वर त्यासाठी उत्तम आहे.

माहेरवाशीण

सर्वांचे लेखन मनापासून वाचले. तरीही एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. खर्चाच्या यादीत किराणा आणि कुकर दिसला. चाळीस वर्षे मी दोन्ही वेळचा स्वयंपाक केला, आता निवृत्तीनंतर तंजावरला जाऊनही पोळ्या मीच लाटायच्या असतील, तर हा प्रवास नक्की कुणाचा? स्वस्ताई बाईच्या कष्टांवर उभी असेल तर ती हिशेबात दाखवायला हवी.

कृष्णाकाठ

आपला प्रश्न रास्त आहे आणि पहिल्या वर्षी माझ्याकडून ही चूक झाली होती. त्या वर्षी मी सकाळी देऊळ पाहून येत असे आणि पत्नी खोलीत भाजी निवडत बसत असे. याचे उत्तर तिनेच देणे योग्य, म्हणून पुढचा मजकूर ती सांगते आहे तसा लिहितो.

"ताई, पहिल्या हिवाळ्यात पंधराव्या दिवशी मी यांना सांगितले, की मला परतीचे तिकीट काढून द्या. त्या रात्री बसून आम्ही ठरवले ते असे. पोळ्या करायच्या नाहीत. जिथे जाऊ तिथले लोक जे खातात ते खायचे, त्यामुळे तंजावरला सकाळी इडली बाहेरून आणि दुपारी मेसचा डबा. रात्री कुकरला मुगाची खिचडी किंवा दहीभात, आणि तो हे लावतात. पहिले आठ दिवस खिचडी खाली लागली, मी उठले नाही. भाजीबाजाराला मात्र मी एकटी जाते, कारण मला ते आवडते. तिथल्या एका भाजीवालीने मला शेवग्याचे आणि कढीलिंबाचे तमिळ नाव शिकवले, मी तिला मराठी नाव शिकवले, आणि मी दिसले की ती लांबूनच 'शेवगा' अशी हाक मारायची. मनगट मोडल्यानंतरचे सहा आठवडे यांनी माझी वेणीसुद्धा घातली. खर्चात डब्याचे पैसे 'बाहेरचे जेवण' या रकान्यात धरले आहेत. आपणही निघण्यापूर्वी हे बोलून घ्या आणि कागदावर लिहून घ्या. या वर्षी आम्ही डिसेंबरात भुजला जात आहोत, तिथे डबा मिळतो का त्याची चौकशी यांनी आधीच केली आहे."